साइड स्टँड आणि काळी माती



दर महिन्याला मी मुलांचा अभ्यास, घरातली शिस्त, मोबाइल अशा विषयांवर लिहितो. या वेळी मोटारसायकल उभी करण्यावर लिहितोय. विषय किरकोळ वाटेल. पण त्यापायी माझ्या भाच्याचा पाय तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये होता आणि चूक सर्वस्वी माझी होती.

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की जिंतूर तालुक्यातली अर्धी माणसे पाणी बघायला येतात. एका सप्टेंबरात बहीण माहेरी आली होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा हट्टाला पेटला, म्हणून असरची नमाज झाल्यावर त्याला गाडीवर पुढे बसवून निघालो. रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली होती. दोन दिवस पाऊस नव्हता, जमीन वरून सुकलेली दिसत होती. मीही रांगेत गाडी साइड स्टँडवर लावली, किल्ली काढली. भाचा टाकीवरच बसून राहिला, कारण तिथून त्याला पाणी दिसत होते. "मामू, पानी कित्ता है!" असे तो दहा वेळा म्हणाला असेल. मी चार पावलांवर एका ओळखीच्या शिक्षकाशी बोलत उभा राहिलो.

वीसेक मिनिटे गाडी नीट उभी होती. मग भाच्याचा आवाज आला, "मामू, गाडी झुक री." मी वळून बघेपर्यंत गाडी डावीकडे आडवी झाली होती आणि त्याचा डावा पाय खाली होता. दोघातिघांनी धावत येऊन गाडी उचलली. गाडीला लेग गार्ड होता आणि खाली चिखल मऊ होता, म्हणून अल्लाहच्या कृपेने हाडाला नुसती चीर गेली. बहीण मला एक शब्द बोलली नाही. बायको मात्र बोलली, "तुमकु कित्ते बार बोली, बच्चे कु गाडी पे बिठाके मत छोडो." बहिणीचे न बोलणे जास्त लागले.

नंतर मी स्टँडचे भोक बघायला पुन्हा तिथे गेलो. वर बोटभर जाडीची सुकी पापडी आणि तिच्याखाली लोण्यासारखी ओली माती. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीचा हाच स्वभाव. पाणी मिळाले की ती ते शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा थर एका उन्हात सुकतो, आतली ओल दिवसेंदिवस राहते. शेतकऱ्याला कापसासाठी हीच ओल हवी असते. आपल्या स्टँडचा मात्र ती घात करते. शिवाय स्टँड एकदम खचत नाही, मुंगीच्या पावलाने खाली जातो. आपण उतरतो तेव्हा सगळे ठीक दिसते, त्यामुळे पाठ फिरवताना काळजी वाटत नाही. गंमत म्हणजे समोरचे धरणही बरेचसे मातीचेच. पण धरणाची माती थराथराने टाकून रोलरने दाबलेली असते. रस्त्याकडेच्या मातीला तसे कोणी दाबलेले नसते.

मी भाषेचा मास्तर, म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून हिशेब समजून घेतला. शंभर सीसीच्या गाडीचे वजन साधारण एकशे दहा किलो. त्यातले वीस किलो स्टँडवर येते असे धरा. स्टँडचा तळवा तीन सेंटिमीटर रुंद आणि पाच लांब, म्हणजे पंधरा चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर सव्वा किलोहून जास्त भार आला. आता त्याखाली पंधरा बाय पंधराची फरशी ठेवा. क्षेत्रफळ दोनशे पंचवीस झाले आणि भार दर चौरस सेंटिमीटरला नव्वद ग्रॅमच्या आत आला. गाडी तीच, माती तीच. उंटाचे पाय पसरट असल्याने तो वाळूत रुतत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच.

उंटावरून तिर्मिजी शरीफमधली ती हदीस आठवली. उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू, असे एका माणसाने विचारले होते. आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, असे हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्याला सांगितले. ही हदीस मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! पण "अल्लाह मालिक" म्हणत चिखलात गाडी सोडताना ती मला आठवली नाही.

फरशी नसेल तर पसरट दगड, लाकडी फळीचा तुकडा, पत्र्याचे जाड झाकण, काहीही चालते. अगदीच काही नसेल तर रबरी चप्पल काढून ठेवा, थोड्या वेळापुरते भागते. काही जण डबल स्टँड लावायला सांगतात. कडक जमिनीवर तो उत्तमच. ओल्या मातीत मात्र त्याचा एक पाय आधी खचतो आणि मग गाडी काढताना कंबर जाते. लावायचाच असेल तर दोन्ही पायांखाली एकच फळी घ्या. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाका, म्हणजे ती पुढे सरकून स्टँडवरून निसटणार नाही. डावीकडची जमीन खोल असेल तर गाडी आधीच जास्त कललेली असते, थोडा स्टँड खचला तरी पडते. ती जागा सोडा. दुधाचे कॅन किंवा खताची पिशवी असेल तर आधी ओझे उतरवा, मग फिरायला जा. आणि पाच मिनिटांनी एकदा मागे वळून स्टँडकडे बघा. यासाठी काहीच खर्च येत नाही, आणि मी नेमके तेवढेच केले नव्हते.

हे फक्त पावसाळ्याचे दुखणे नाही. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ होते, त्यातही स्टँड असाच रुततो.

गाडी पडू लागली तर तिला पकडायला जाऊ नका, बाजूला व्हा. एकशे दहा किलो हातावर तोलत नाहीत. पडल्यावर आधी माणूस सोडवा, मग किल्ली बंद करा, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही. पेट्रोलचा वास येत असेल तर कोणी बिडी पेटवणार नाही हे बघा आणि लगेच स्टार्टर मारू नका. सायलेन्सरचा चटका बसला तर पंधरा-वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. टूथपेस्ट आणि हळद घरातच राहू द्या.

एक गोष्ट ईदगाहची. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी बकरी ईद जूनमध्ये आली, म्हणजे पावसाच्या तोंडावर. नमाजला उशीर होतो म्हणून आपण मैदानाच्या कडेला गाड्या एकमेकींना चिकटवून लावतो. एक खचली की शेजारचीवर पडते आणि रांग झोपते. रांगेच्या पलीकडे नव्या कपड्यांतली मुले उभी असतात. दोन गाड्यांमध्ये हातभर जागा सोडा आणि जनाजा किंवा म्हाताऱ्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तर लावूच नका. वाटेतला त्रास दूर करणे ईमानचा भाग आहे, हे जुम्म्याच्या खुतब्यात ऐकायचे आणि मशिदीच्या दारातच गाडी आडवी लावायची, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांचे चालू आहे. मीही त्यात होतो.

आता माझ्या गाडीच्या डिकीत शहाबादी फरशीचा तुकडा असतो. मिस्त्रीकडून त्याला एक भोक पाडून घेतले आणि हातभर सुतळी बांधली. चिखलात रुतलेली फरशी वाकून उकरावी लागत नाही, गाडीवर बसल्याबसल्या सुतळीने ओढून घेता येते. सुतळी बांधायची युक्ती भाच्याची. आता तो दहा वर्षांचा आहे. सुट्टीत आला की माझ्या आधी खाली उतरतो, फरशी ठेवतो, तिच्यावर पाय देऊन बघतो आणि मगच मला स्टँड लावू देतो.