अजान कुठे वाजवायची, हे कोण ठरवतं?

बॉम्बस्फोटाचं दृश्य येतं आणि मागून अजान ऐकू येते. डोळ्यांत सुरमा, डोक्यावर टोपी घातलेला माणूस दिसतो. तोच खलनायक, हे लहान पोरालाही कळतं. मग दोन दिवस आपल्या ग्रुपवर संताप, निषेधाचं पत्रक, बहिष्काराची हाक. राग रास्तच आहे. पण ती अजान त्या दृश्यात बसवतो कोण? ध्वनी सांभाळणारा. टोपी घालतो वेशभूषाकार. दृश्य कुठे कापायचं ते संकलक दिग्दर्शकासोबत ठरवतो. ही कामं रीतसर शिकता येतात. आणि ती शिकायला निघालेल्या आपल्याच मुलामुलींना आपण उंबऱ्यावर अडवतो!

‘सिनेमा हराम’ असं ज्या घरात सांगतात, तिथेच रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असतो. पाहिलेलं चालतं, बनवलेलं चालत नाही, हा कुठला न्याय?

‘आपल्याला तिथे कोण घेणार?’ हा दुसरा बहाणा. रसूल पुकुट्टी केरळातल्या खेड्यातून आले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकले आणि २००९मध्ये ‘स्लमडॉग मिलिनेअर’साठी ऑस्कर मिळवलं. सईद अख्तर मिर्झाही याच संस्थेचे. ‘सलीम लंगडे पे मत रो’मध्ये त्यांनी मुंबईतला मुस्लिम तरुण त्याच्या चुकांसकट दाखवला, दूरदर्शनवरच्या ‘नुक्कड’मागेही तेच होते. आपल्याला फरिश्ते दाखवणारा सिनेमा नकोच आहे, माणसं दाखवणारा हवा आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लियात तर १९८२पासून जनसंवादाचं स्वतंत्र केंद्र आहे.

मुलींचं काय, असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर: भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जाणाऱ्या फात्मा बेगम यांचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ १९२६चा. शंभर वर्षांपूर्वी जे जमलं, ते आज का नाही?

पदवीनंतर काम मिळेलच याची हमी नाही, हे खरं. पण इंजिनीअरिंग करून घरी बसलेली मुलं आपल्या मोहल्ल्यात नाहीत का? तरी त्या पदवीसाठी आपण कर्ज काढतोच.

म्हणून दोन मागण्या. अम्मी-अब्बांनी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरू द्यावा. आणि समाजाच्या ज्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या डॉक्टर-इंजिनीअरपाशीच थांबतात, त्यांनी अर्जात सिनेमा आणि टीव्हीचाही रकाना घालावा. निषेधाची पत्रकं खूप झाली. आता संकलनाच्या टेबलाशी आपलंही कुणी बसू द्या.