टाइप केलं, डिलीट केलं

परवा लंचला राजकारणावरून मस्त जुंपली. घरी येऊन चार ओळी टाइप केल्या... आणि डिलीट! आठवलं पालघर, २०१२. फेसबुकवर बंदबद्दल लिहिणारी एक मुलगी, ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींनाही अटक. कलम ६६अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते. त्यात काय बसणार नाही, सांगा! सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये ते कलम रद्द केलं.

शब्दांनी दंगली पेटतात, हे मान्य. द्वेष पसरवणाऱ्यांसाठी कायदा हवाच. पण ‘द्वेष’ आणि ‘मला आवडलं नाही’ यांतली रेघ पुसली, की पोलीस यायची गरजच उरत नाही. आपला अंगठाच हवालदार होतो.

माझा झालाय. तुमचा?