कोशांचा शेजार

आमच्या मराठी विभागाने पाठविलेल्या एका चर्चासत्राच्या निमंत्रणात ‘उपस्थिति’ हा शब्द ऱ्हस्व ‘ति’ घेऊन गावभर हिंडून आला. मराठी शिकविणाऱ्यांच्या हातून हे घडावे, ही नामुष्कीच. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रणालीत शुद्धलेखन तपासणी चालू होती, मराठीचा कोशही निवडलेला होता. तरीही त्या शब्दाखाली तांबडी रेघ उमटली नाही. कारण शोधता उलगडा झाला: आदल्या दिवशी हिंदीत पत्र लिहिताना घेतलेला हिंदीचा कोश आम्ही काढलाच नव्हता.

एकाच वेळी अनेक कोश निवडता येणे ही सोय खरी. पण त्यांपैकी कोणत्याही एका कोशाला मान्य असलेला शब्द शुद्ध ठरतो, हे आपण विसरतो. मराठी व इंग्रजी कोश एकत्र असले तरी बिघडत नाही, लिप्याच वेगळ्या. मराठी आणि हिंदीची गोष्ट निराळी. महामंडळाच्या नियमांनुसार (शासनमान्यता 1962) तत्सम ऱ्हस्वान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे: शक्ती, स्थिती, वस्तू. हिंदीत तेच शब्द शक्ति, स्थिति, वस्तु असे राहतात. दोन्ही कोश शेजारी बसविले की मराठीची चूक हिंदीच्या आडोशाला सुखरूप लपते. अमेरिकन व ब्रिटिश इंग्रजीचे कोश एकत्र ठेवणाऱ्यालाही ‘कलर’च्या दोन्ही वर्णलेखनांबाबत हाच अनुभव येईल.

म्हणून ‘कोश जितके अधिक तितके बरे’ ही समजूत आम्हांला मान्य नाही. कोशाची किंमत तो काय स्वीकारतो यापेक्षा काय नाकारतो यावर ठरते. मराठी पत्रात हिंदी उतारा आला तर त्याखाली रेघा उमटतील, उमटू द्याव्यात. पत्राच्या मजकुरावर उजवी टिचकी मारून भाषा बदलायला क्षणही लागत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ही तपासणी करणारी हनस्पेल ही प्रणाली मुळात हंगेरियन भाषेसाठी घडली. प्रत्ययांवर प्रत्यय चढविणाऱ्या त्या भाषेला नुसती शब्दांची यादी पुरणारी नव्हती. म्हणून यादीबरोबर प्रत्ययांच्या नियमांचीही फाईल असते. मराठीलाही तेच हवे: घर, घरात, घरातल्या, घरातल्यांनाही. नियम जिथे तोकडे पडतात तिथे शुद्ध शब्दही तांबडा होतो, आणि कंटाळलेला लेखक ‘कोशात जोडा’ म्हणून मोकळा होतो. हळूहळू आपण रेघ न वाचताच जोडत सुटतो.

असे जोडलेले शब्द एका साध्या वैयक्तिक यादीत, ओळीला एक याप्रमाणे, साठत जातात. आणि ही यादी सर्व भाषांना सामाईक असते. आम्ही आमची उघडून पाहिली. गावांची नावे, सहकाऱ्यांची आडनावे, आणि त्यांच्या गर्दीत ‘विद्यार्थांना’! हवे होते ‘विद्यार्थ्यांना’. एकदा चुकून जोडलेला हा शब्द त्यानंतर प्रत्येक पत्रात विनातक्रार शुद्ध ठरत होता. प्रणाली बंद करून आम्ही ती ओळ पुसली.

विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबडी रेघ ओढण्याचा अधिकार आम्ही वर्षानुवर्षे बजावला. स्वतःची यादी वर्षातून एकदा तपासणे हे त्याच अधिकारातून येणारे कर्तव्य आहे, असे आता आम्हांला वाटते.