खोक्याचे वजन, घामाचे मोल

जालन्याची एखादी भगिनी घरच्या कुरडया ऑनलाइन विकते, २ किलोंचे भाडे भरून पार्सल धाडते. आठवड्याने खात्यातून ६ किलोंचे भाडे कापले जाते. यात नेहमीच लबाडी असते असे नाही. कुरिअर कंपन्या आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार बहुधा ५००० ने भागतात. म्हणून ४० × ३० × २५ चे खोके ६ किलोंचे ठरते. वर १८ टक्के जीएसटी. परंतु माल विकल्यावर किंमत वाढवता येत नाही. म्हणूनच हा हिशेब आधी स्पष्ट न सांगता मागाहून वसुली करणे आम्हांस अन्याय्य वाटते. भगिनींनी खोके लहान घ्यावे, काटा व मोजपट्टीसह छायाचित्र जपावे, मुदतीत हरकत नोंदवावी. घामाचे मोल घाम गाळणाऱ्यालाच मिळावे.