मोटर वेगळी

लग्न ठरवताना आणि खेळण्यातली आगगाडी विकत घेताना माणसाने एक प्रश्न आधीच विचारून घ्यावा: "यात काय काय येत नाही?" लग्नाच्या वेळी मी तो विचारला नाही, कारण समोर वडीलधारी मंडळी बसली होती. आगगाडीच्या वेळी विचारला नाही, कारण डबा फार सुंदर होता. पहिल्या चुकीबद्दल माझी तक्रार नाही (आमच्या घरी माझे लेख वाचले जातात). दुसरीबद्दल मात्र मला आज कडाकडा भांडायचे आहे.

मी बँकेत कारकून आहे. वय चव्वेचाळीस, शिक्षण बी.कॉम. दिवसभर काउंटरवर लोकांना सांगत असतो, "बारीक अक्षरातलं वाचा आणि मग सही करा." छंद म्हणाल तर लेगोच्या ठोकळ्यांच्या आगगाड्या. हे वाक्य मी शाखेत उच्चारत नाही. तिथे "मुलीसाठी घेतो" असे सांगतो. मुलगी बारावीत आहे. तिने हल्ली मैत्रिणींना "बाबांसाठी आणतात" असे खरे सांगायला सुरुवात केली आहे.

झाले असे की 2020 साली लेगोने 'क्रोकोडाइल' नावाचे इंजिन काढले. तुकडे 1,271. स्वित्झर्लंडच्या डोंगरात धावणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनाची ही प्रतिकृती. मध्ये उंच खोली आणि पुढेमागे दोन लांब नाकाडी. आता तुम्ही म्हणाल, स्वित्झर्लंडच्या मगरीशी तुमचा काय संबंध? संबंध आहे. याच घराण्यातली, स्विस आराखड्याची इंजिने 1928 साली आपल्याकडे आली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी बोरघाटात मालगाड्या ओढल्या. त्यांतले 'सर लेस्ली विल्सन' नावाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवले आहे. आपल्या लोकांनी त्याला मगर म्हटले नाही, सरही म्हटले नाही. 'खेकडा' म्हटले आणि विषय मिटवला.

माझे वडील कर्जतला वाढले. खेकडा कसा कण्हत कण्हत चालायचा, याचा आवाज ते आजही काढून दाखवतात. पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवतात. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जोर द्यायला कर्जतला जादा इंजिने लावतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. मी बँकेत लागलो त्या दिवशी वडील म्हणाले होते, "चला, घरात एक बँकर आला. आता ढकल आयुष्यभर!"

तर एका दुकानात या खेकड्याचा शिल्लक राहिलेला डबा दिसला आणि त्याच महिन्यात पगारवाढीचे एरियर्स जमा झाले. अशा योगांना शास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. घरी 'उधळपट्टी' म्हणतात. सौ.ने किंमत विचारली. मी सरळ उत्तर न देता आयात शुल्कावर घसरलो. 2020 च्या फेब्रुवारीत सरकारने परदेशी खेळण्यांवरचे शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर नेले आणि 2023 साली 70 वर, हे सगळे तिला आकडेवारीसह समजावून सांगितले.

"म्हणजे महाग झालंय हे माहीत असून घेतलंत?" ती म्हणाली.

बी.कॉम. माणसाने घरात आकडे जपून वापरावेत.

तीन रात्री जागून इंजिन जोडले. तिसऱ्या रात्री शेवटचा तुकडा बसला. वडिलांची आरामखुर्ची पुढे ओढली. मुलीने मोबाइल सरसावला. सौ. हात पुसत आली. मी म्हणालो, "बघा हं आता!" सगळ्यांनी इंजिनाकडे बघितले. इंजिनाने आमच्याकडे बघितले. दोन मिनिटे हा कार्यक्रम चालला.

"बटण कुठंय रे?" वडिलांनी विचारले.

मी डबा उलटा केला. चष्मा कपाळावर नेला. तिथे, ज्या आकाराच्या अक्षरांबद्दल मी गेली वीस वर्षे लोकांना सावध करत आलो आहे त्याच आकारात, लिहिले होते की चालवायला लागणारे सामान वेगळे घ्यावे. दुकानदाराला फोन केला. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "साहेब, मोटर वेगळी." मोटर वेगळी. जिच्यात सेल बसतात आणि जी मोटरला वीज देते ती पेटी वेगळी. रिमोट वेगळा. डब्यात इंजिन उभे करण्यापुरता शोभेचा रूळ होता; फिरवायचे तर गोल रूळही वेगळे.

डब्यावर लिहिले होते, मी वाचले नाही, इथे चूक माझी. कबूल. पण चूक माझी असली तरी मुद्दा माझाच बरोबर आहे. उद्या हलवायाने पुरणपोळी विकून "पुरण वेगळं मिळेल" असा कागद खाली चिकटवला, तर तो कायद्याने सुटेल. पण त्याने विकली ती पोळी. पुरणपोळी नव्हे.

माझे भांडण नेमके कशाशी आहे ते आता नीट सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसन नावाच्या सुताराने 1932 साली हा धंदा सुरू केला. आजच्या घडणीचा ठोकळा पेटंटसाठी दाखल झाला 28 जानेवारी 1958 रोजी. त्या वेळचा ठोकळा आज उचला आणि कालच्या डब्यातल्या ठोकळ्यावर ठेवा. टक् करून बसतो! इतकी वर्षे झाली, पण कोणी म्हटले नाही की "हा जुना झाला, चालणार नाही." आमच्या धंद्यात याला पत म्हणतात. नोटेवर धारकाला दिलेले वचन छापलेले असते. या ठोकळ्यावर काही छापलेले नसते, तरी तो ते पाळतो.

आता त्याच घरातल्या विजेचे खाते उघडा. 1966 साली गाडी आली ती साडेचार व्होल्टची, सेलवर चालणारी. 1969 साली बारा व्होल्ट आले. त्यांची वीज रुळांच्या मधोमध टाकलेल्या वेगळ्या पट्ट्यांतून. 1991 साली नऊ व्होल्ट; मधल्या पट्ट्या गेल्या आणि धातूच्या रुळांतूनच वीज खेळू लागली. 2006 साली पुन्हा प्लॅस्टिकचे रूळ, गाडीच्या पोटात सेल आणि टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट. 2007 मध्ये नऊ व्होल्ट बंद. 2009 साली गाड्यांना नवी मोटर, नवा प्लग. 2018 साली ब्लूटूथ आणि आणखी नवा प्लग. बावन्न वर्षांत सहा पद्धती! रुळांमधले अंतर पहिल्या दिवसापासून तेच, ठोकळा तोच. फक्त ज्याच्यामुळे गाडीला गाडी म्हणायचे, ते दर थोड्या वर्षांनी बाद.

बाद हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. 8 नोव्हेंबर 2016 नंतरचे ते आठवडे मी काउंटरच्या आतल्या बाजूने काढले आहेत. एक आजी मसाल्याच्या डब्यातून घडी घालून पाचशेच्या नोटा घेऊन आल्या होत्या. नोटांना हिंगाचा वास येत होता. त्या विचारत होत्या, "फाटल्या नाहीत, मळल्या नाहीत, मग चालत कशा नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हते, पण निदान 30 डिसेंबरची मुदत होती आणि पावती होती. 2009 च्या चांगल्या चालत्या मोटरचा प्लग हातात धरून बसलेला हौशी माणूस हाच प्रश्न विचारतो. मोटर जळली नाही, झिजली नाही, मग चालत का नाही? नऊ व्होल्टवाल्यांना निदान जुन्या-नव्याला जोडणारी एक तार मिळाली होती. 2018 ला तीही खिडकी बंद. शेवटी हौशी लोकांनी आणि छोट्या कारखानदारांनी स्वतःच तारा जोडून घेतल्या. म्हणजे नोटा बदलून देण्याचे काम रांगेतल्या लोकांनीच केले!

यथावकाश मी पेटी, मोटर, रिमोट आणि रूळ घेतले. (कशातून घेतले ते विचारू नका, हप्ता चालू आहे.) गाडी चालली. वडील टाळ्या वाजवायचेच बाकी होते. आणि तिथून सेलचा अध्याय सुरू झाला. पेटीला सहा बारीक सेल, रिमोटला चार. एकूण दहा. आमच्या घरात रविवारी टीव्ही लागत नाही, एसी लागत नाही. सगळ्यांचे सेल घाटात गेलेले असतात. भिंतीवरचे घड्याळ तेवढे वाचले, कारण त्याचा सेल जाडा. पुन्हा भरता येणारे सेल आणावेत तर साध्याचे दीड व्होल्ट, याचे सव्वाच्याही आत, एक पूर्णांक दोन. सहांचे मिळून नवाऐवजी सात पूर्णांक दोन. तेवढ्याने खेकडा पेन्शनरसारखा चालतो. "खरा खेकडा असाच चालायचा," असे म्हणून वडील माझी समजूत घालतात.

याच सुमारास न्यू जर्सीचा भाचा जुना नऊ व्होल्टचा एक संच घेऊन आला. सेकंडहँड. धातूचे रूळ, छोटे इंजिन, वेग कमीजास्त करायची चकती आणि भिंतीत खोचायचा ट्रान्सफॉर्मर. सेलची कटकट नाही! मी आनंदाने खोचला. ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या 120 व्होल्टचा, भिंत आपली 230 ची. एक बारीकसा वास आला आणि काम आटोपले. इथेही बारीक अक्षरे होती. इथेही मी ती वाचली नाहीत. माझ्यावर एखादा लेख होऊ शकेल.

पण पुढचे ऐका. तो संच मी आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने जन्मात लेगो पाहिले नव्हते. त्याने उलटसुलट करून पाहिले, "दोन रुळांत करंट द्यायचाय ना? मग झालं!" म्हणाला आणि योग्य तोलाचा दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडून दिला. 1991 सालच्या पद्धतीची ती गाडी आज आमच्या पलंगाखालून सुसाट जाते. ज्या वस्तूचे काम गल्लीतल्या माणसाला कळते, ती मरत नाही. ब्लूटूथची पेटी उद्या रुसली, तर मी कोणाच्या दारात जाऊ?

आता दुसरी बाजू. मी कारकून आहे, जमा आणि नावे दोन्ही लिहितो. धातूचे रूळ बनवणे महाग, हे खरे. इन्फ्रारेडला रिमोट समोर धरावा लागे, कडक उन्हात तो आंधळा होई. ब्लूटूथ पलंगाखालीही पोचते, हेही खरे. आणि पुष्कळांना गाडी कपाटातच ठेवायची असते, त्यांच्या माथी मोटरचा खर्च का मारावा? हा युक्तिवाद मला आमच्या शाखेतल्या एका गृहस्थानेही ऐकवला. तो डबाच फोडत नाही. "बंद डब्याला पुढे भाव येतो, एफडीपेक्षा बरा," म्हणतो. त्याला मी एवढेच सांगितले, की बाबा, आगगाडीत गुंतवणूक करायची तर रेल्वेचे बाँड घे, त्यांना धूळ बसत नाही.

सुधारणा जरूर करा. पण 'कपाटात ठेवणारे पुष्कळ' म्हणता म्हणता मजल कुठवर गेली पाहा. 2023 साली ओरिएंट एक्स्प्रेस निघाली. 2,540 तुकडे. या गाडीत मोटर वेगळीसुद्धा नाही. मोटरसाठी तिची रचनाच केलेली नाही. युरोपभर धावून नाव कमावलेली गाडी, आणि तिला नेमणूक मिळाली कपाटात! म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही कारकुनी. एक: डब्यात जे नाही ते डब्याच्या पुढच्या बाजूला, गाडीच्या नावाएवढ्या अक्षरांत छापा. दोन: प्लग बदलायचा तर जुन्याला जोडणारी वीतभर तार त्याच दिवशी दुकानात ठेवा. तीन: जिच्या खाली चाके आहेत तिला मोटरची जागा ठेवा, बसवायची की नाही ते माझे मी एरियर्स बघून ठरवीन. ठोकळ्याने 1958 पासून जे वचन पाळले, तेच विजेनेही पाळावे. यापलीकडे माझे मागणे नाही.

परवा रविवारी खेकडा सोफ्याजवळच्या वळणावर कण्हत थांबला. सेल संपले होते. टीव्हीचे आधीच काढलेले, दुकान बंद. मी वाकलो आणि मागून एक बोट लावले. चाके फिरली, गाडी निघाली. सौ.ने कपाळाला हात लावला. वडील आरामखुर्चीतून ओरडले,

"कर्जत आलं! बँकर लागला रे!"