खऱ्या एलच्या शोधात

खडकवासल्याचा माझा एक कोर्समेट निवृत्तीनंतर गुरुग्रामला राहतो. ‘खरी एल पाजतो’ म्हणून शनिवारी त्याने मला एका स्वस्तातल्या साखळी पबमध्ये नेलं.

खरी एल म्हणजे पिंपातच शेवटचं आंबणं पूर्ण होणारी, वरून गॅस न भरलेली बिअर. हातपंपाने ओढायची, साधारण १२ अंशांवर प्यायची. ती टिकावी म्हणून ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांनीच चळवळ उभारली. एकेकाळी पेल एल जहाजांतून इथल्या गोऱ्यांसाठी यायची. ‘इंडिया’ हे नाव तिला त्यातूनच चिकटलं. आमच्यापुढे आली ती बर्फासारखी गार, फसफसणारी. चव वाईट नव्हती, पण गाण्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना.

माझी तक्रार बिअरबद्दल नाहीच. तिकडे स्वस्त पबमध्ये म्हातारी माणसं भरदुपारी एका ग्लासावर तासभर बसतात, कुणी उठवत नाही. मेस सुटलेल्या आपल्या माणसाने बसायचं कुठे? विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एकट्याने?

त्याला काहीतरी सांगायचं होतं. शेवटी ते बाहेर फुटपाथवर, टॅक्सीची वाट बघताना निघालं. दोन टॅक्सी आम्ही सोडून दिल्या.