सल्ला फोनवर, घरात फोन एकच

हिंगोली : करोनाच्या साथीने तरुण मनांवर केलेला आघात सर्वांसाठी सारखा नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातील होते. प्रत्येक घटनेचे कारण साथ हेच नव्हे. तथापि मदत कोणाला सुलभ होती, हा प्रश्न उरतोच.

मार्च २०२०मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि समुपदेशन फोनवर आले. स्वतःची खोली व मोबाईल असलेल्या शहरी विद्यार्थ्याला त्याचा आधार होता. सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यात ज्या घरात एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात, तेथील मुलीने मन कोणापाशी मोकळे करावे? (योजना आखणाऱ्यांच्या घरी ही अडचण बहुधा नसावी.) लोकसेवा आयोगाच्या परीक्षा लांबत गेल्याने पुण्याहून गावी परतलेल्यांना तर वयोमर्यादा उलटण्याचीही धास्ती होती.

प्रत्यक्ष उपचार आणखी दूर. त्या काळात राज्यातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीत होती. मराठवाड्यात एकही नव्हते. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनाशुल्क सेवा सुरू झाली. बोलण्यापुरता एकांत मात्र ती देऊ शकत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयांत त्यासाठी एक खोली व एक फोन ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.